तळ्याकाठचा दगड जागेवर कसा राहतो?

आजचा भाग दगडांवर आहे. थांबा, हेडफोन काढू नका! मागच्या आठवड्यात बार्शीटाकळीकडच्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला, तो जसाच्या तसा सांगतो: "भाऊ, उन्हाळ्यात धरनाचं पानी उतरलं ना, का काठावर काचेवानी धारदार गोटे दिसते. हे आदिमानवाचे हत्यार हायेत, का नुसतेच गोटे? अन् हत्यार असतीन तर मंग ते इतके वर्स तिथंच कसे राहिले?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर दोन मिनिटांत देता येतं. दुसरा प्रश्न मात्र भारी आहे. लाखभर वर्षांपूर्वी कोणीतरी पाण्याकाठी बसून दगड फोडला, उठून गेला, आणि तो दगड आजही तिथेच पडलेला आहे. कसा काय? आपली चप्पल नदीवरून दोन दिवसांत गायब होते.

आधी सोपं ते उरकू. माणसाने ठोकून काढलेल्या दगडाच्या कपचीवर खुणा राहतात. जिथे ठोका बसला तिथे छोटी सपाट जागा दिसते. तिच्या लगेच खाली, कपचीच्या आतल्या बाजूला, बोटाला जाणवेल असा फुगवटा असतो. त्या फुगवट्यापासून शिंपल्यावर असतात तशा लाटा पसरलेल्या दिसतात. ज्या गाभ्यावरून कपची काढली त्यावर याच्या उलट, म्हणजे खोलगट ठसा उमटतो. एकाच दगडावर असे तीन-चार ठसे, एका हिशोबाने काढलेले दिसले, तर लक्ष द्यायचं. एकटादुकटा ठसा कशानेही पडतो. ट्रॅक्टरचा नांगर, जेसीबीचा दात, बैलगाडीची धाव, सगळेच दगड फोडतात. पण ताज्या फुटीचा रंग आतून वेगळा आणि स्वच्छ असतो, जुन्या फुटीवर काळाचा पापुद्रा चढलेला असतो. आपल्याकडे यासाठी चांगला दगड म्हणजे अकीक, जास्पर, कॅल्सेडनी, थोडक्यात गारगोटीच्या जातीतले. काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांमध्ये ते तयार होतात, आणि पाषाण झिजला की ओढ्या-नाल्यांतून वाहत येतात. मोठी हत्यारं, हातकुऱ्हाडी वगैरे, काळ्या पाषाणाचीच करत.

आता मुख्य मुद्दा. हत्यार सापडणं वेगळं आणि हत्याराची जागा सापडणं वेगळं. हा फरक कळला की बाकी सगळं आपोआप कळतं.

समजा तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे दहा वर्षांचे सगळे मेसेज आहेत, पण तारीख, वेळ आणि पाठवणाऱ्याचं नाव पुसून ते कोणीतरी पत्त्यांसारखे पिसून ठेवले. मेसेज खरे आहेत, एकही खोटा नाही. पण कोण कोणाला काय म्हणालं, हे आता कळणार नाही. नदीच्या गोट्यांत सापडणारी बरीचशी दगडी हत्यारं अशी असतात. महापुराने ती दहा ठिकाणांहून उचलली, गडगडत आणली, कडा घासून गुळगुळीत केल्या आणि एका वळणावर टाकून दिली. महाराष्ट्रात अश्मयुगाचा बहुतेक पुरावा नदीकाठचाच आहे. गोदावरीवर नाशिकजवळचं गंगापूर, प्रवरेवरचं नेवासा ही हसमुख सांकलियांनी गाजवलेली ठिकाणं. नेवाशालाच चिरकी नाल्याजवळ गुद्रुन कोर्विनुस या जर्मन संशोधक बाईंनी १९६० च्या दशकात उत्खनन केलं. नदीच्या गोट्यांत चुनखडी मुरून तो थर सिमेंटसारखा घट्ट होतो, म्हणून ही हत्यारं टिकली. टिकली खरी, पण त्यातली बरीच प्रवास करून आलेली.

तळ्याचं पाणी वेगळं वागतं. त्याला कुठे जायची घाई नसते. काठावर दगड पडला, पाणी वर चढलं, तर बारीक चिखल हळूच त्यावर बसतो. दगड हलत नाही. तीच आठवण, तारीख-वेळेसकट. म्हणून जगभरातल्या ज्या जागांवरून आपल्याला जुन्या माणसांचा 'दिवस' दिसतो, त्यातल्या कितीतरी जागा तळ्याकाठच्या आहेत.

टांझानियातलं ओल्डुवाई घ्या. तिथे १९५९ मध्ये मेरी लीकी यांना एक प्राचीन कवटी सापडली. त्याच थरात हजारो दगडी तुकडे आणि फोडलेली हाडं होती. वय सुमारे १८ लाख वर्षं. शेजारी तळं होतं, पण खारं. माणसाच्या त्या पूर्वजांना ओढून आणणारी गोष्ट होती जवळचे गोड्या पाण्याचे झरे. आणि ती जागा वाचली, कारण वरून ज्वालामुखीची राख पडली. राखेने एक तर झाकण घातलं, शिवाय वयही सांगितलं.

खारं तळं, काठावर गोडे झरे. आठवलं काही? लोणार! आपल्याच अमरावती विभागात, बुलढाणा जिल्ह्यात. उल्कापाताने काळ्या पाषाणात पडलेला साधारण १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा, त्यात खारट आणि अल्कधर्मी पाणी, आणि कड्यावर धार, रामगया, सीतान्हाणी असे गोडे झरे. विवराचं वय किती यावरून शास्त्रज्ञांत मोठं अंतर आहे. एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षं निघतं, दुसऱ्या पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार. मला यातली गंमत अशी वाटते, की कुठलाही आकडा धरा, उल्का पडली तेव्हा दख्खनमध्ये दगडी हत्यारं करणारी माणसं होतीच.

लोणारच्या तळाशी दडलेली गोष्ट आणखी कामाची आहे. संशोधकांनी तळ्याच्या तळातून सुमारे १० मीटर लांबीचा गाळाचा स्तंभ काढला. त्यात गेल्या जवळपास ११ हजार वर्षांच्या पावसाची नोंद सापडली. पाणी फार आटलं की गाळात गेलुसाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक वाढतात. असे स्फटिक आणि इतर पुरावे जोडून दोन लांबलचक दुष्काळ दिसले. एक साधारण ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा, दुसरा २००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. म्हणजे शेकडो वर्षं चाललेले दुष्काळ, मंडळी. दोन वर्षं पाऊस नाही आला तर आपलं काय होतं ते वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको.

याचा काठाशी संबंध काय? तळं आटलं की काठ आत सरकतो. पाण्याजवळ राहणारा माणूसही आत सरकतो. मग पाऊस परततो, पाणी वर येतं आणि त्या माणसाची बैठक पाण्याखाली, चिखलाखाली जाते. म्हणून आजच्या काठावर जुना काठ शोधायचा नसतो. जुने काठ एकतर आजच्या पाण्याखाली असतात, किंवा पूर्वी तळं मोठं होतं तेव्हाचे दूर वर, कोरड्या जमिनीत. लोणारसारख्या उभ्या भिंतींच्या विवरात काठ थोडाच सरकतो. पण सपाट प्रदेशातल्या उथळ तळ्यात पाणी हातभर उतरलं तरी काठ अर्धा किलोमीटर पळतो.

आता एक छोटं गणित. १० मीटर गाळ, ११ हजार वर्षं. म्हणजे वर्षाला एक मिलिमीटरही नाही. पाच सेंटिमीटर जाडीचा दगड या वेगाने झाकायला पन्नासहून जास्त वर्षं लागतील. हा वेग तळ्याच्या मधला आहे, काठावर तो कमीजास्त होतो, पण मुद्दा लक्षात घ्या. पन्नास वर्षं तो दगड उघडा आहे. त्यावरून हरणं जातात, रानडुकरं चिखल उकरतात, लाटा येतात, दुसरी माणसं येऊन चांगला दगड उचलून पुन्हा वापरतात. तळं दगडाला जपतं हे खरं, पण सावकाश जपतं. म्हणून सगळ्यात चांगल्या जागा त्या, जिथे काहीतरी झटकन वर येऊन पडलं. राख, किंवा शांत पुराचा जाड थर.

राखेचं म्हणाल, तर ती आपल्याकडेही आहे. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीकाठी बोरी गावाजवळ ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि त्याच्या संगतीने हातकुऱ्हाडीच्या काळातली हत्यारं. आपल्या पूर्णेच्या गाळातही अशी राख नोंदवली गेली आहे. महाराष्ट्रात एवढ्यात कुठला ज्वालामुखी? नाहीच. ही राख हजारो किलोमीटरवरून, सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीतून उडत आलेली मानतात. टोबाचा शेवटचा प्रचंड स्फोट सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीचा, पण त्याआधीही तो फुटला होता. बोरीची राख कोणत्या स्फोटाची यावर खडाजंगी आहे, कारण त्यावरून हत्यारांचं वय लाखो वर्षांनी पुढेमागे होतं. आंध्रात नंद्याल जिल्ह्यातल्या ज्वालापुरमला मात्र चित्र स्वच्छ आहे. तिथे ७४ हजार वर्षांपूर्वीची राख पाणथळ जागेत पडून जाड थर झाला, आणि हत्यारं त्या थराच्या खालीही आहेत, वरही.

आणि जिथे राख नाही तिथे? तिथे वाळूचे कण कामाला येतात. क्वार्ट्झचा कण जमिनीत अंधारात पडला की मोबाइलच्या बॅटरीसारखा हळूहळू चार्ज होत जातो, आजूबाजूच्या मातीतल्या नैसर्गिक किरणोत्सर्गाने. ऊन लागलं की बॅटरी शून्य. प्रयोगशाळेत चार्ज किती ते मोजलं, आणि वर्षाला किती होतो ते काढलं, की कणाने शेवटचं ऊन कधी पाहिलं ते कळतं. मात्र नमुना काढताना त्याला ऊन लागू द्यायचं नाही, म्हणून तो धातूच्या बंद नळीत काढतात.

राजस्थानातल्या डीडवाण्याला, खाऱ्या तळ्याच्या परिसरात सिंगी तलाव नावाची जागा आहे. तिथे मातीच्या बारीक थरात हातकुऱ्हाडी सापडल्या, कडा धारदार, म्हणजे फारशा न वाहलेल्या. वय अलीकडे याच पद्धतीने मोजलं, ते निघालं सुमारे १ लाख ७७ हजार वर्षं. पण मला तिथली सगळ्यात आवडणारी गोष्ट वेगळी आहे. हत्यारांसोबत सहा छोटे क्वार्ट्झचे स्फटिक मिळाले. हत्यार करायला फारच लहान, आणि फोडलेलेही नाहीत. कोणीतरी नुसते आवडले म्हणून उचलून आणले असावेत. आता विचार करा, ही हत्यारं नदीने वाहून आणलेली असती, तर या सहा खड्यांकडे कोणी वळून पाहिलं असतं का? ते हत्यारांच्या शेजारी, शांत चिखलात होते, म्हणून त्यांना अर्थ आला.

जागा शाबूत आहे की विस्कटलेली, हे ओळखायची संशोधकांची पद्धत तर एकदम गुप्तहेरासारखी असते. एक हातकुऱ्हाड घडवताना शेकडो कपच्या उडतात, आणि भुकटीसारखा चुरा तर मोजता येत नाही. उत्खननात मोठी हत्यारंच मिळाली आणि चुरा नाही, तर समजायचं की पाण्याने बारीक माल धुऊन नेला. लांबट दगड सगळे एकाच दिशेला तोंड करून पडले असतील, तर प्रवाहाने लावले. कडा बोथट असतील, तर प्रवास झाला. आणि सगळ्यात भारी पुरावा म्हणजे कपच्या परत गाभ्यावर बसवून पाहणं, जिगसॉसारखं. एखादी कपची चपखल बसली आणि दोन तुकडे एकमेकांपासून हातभर अंतरावर मिळाले असतील, तर जवळपास खात्री, की कारागीर इथेच बसला होता.

इथे वऱ्हाडाची एक खास अडचण सांगतो, जी परदेशी पुस्तकांत दोन ओळींत संपते: आपली काळी माती. पावसाळ्यात फुगते, मे महिन्यात अशी भेगाळते की त्यात हात कोपरापर्यंत जातो. वरचा बारीक दगड भेगेत पडून खाली जातो. पाऊस आला की माती फुगून मोठ्या दगडांना वर ढकलते. वावरातले दगड दरवर्षी वेचून धुऱ्यावर टाका, पुढच्या वर्षी पुन्हा आहेतच. 'जमीन दगड विते' असं वाटावं असा हा प्रकार. म्हणजे कोणीही हात न लावता ही माती हजारो वर्षं पत्ते पिसतेय. काळ्या मातीच्या वावरात मिळालेली नखाएवढी सूक्ष्म हत्यारं खरी असतात, पण ती कोणत्या थरातली हे सांगणं मुश्कील. त्यापेक्षा काळ्या मातीच्या खालची पिवळसर, चुनखडीचे खडे असलेली माती भरवशाची. नाल्याच्या उंच दरडीत ती उभी कापलेली दिसते.

पूर्णेच्या खोऱ्याचंही असंच. सातपुड्याच्या पायथ्याशी जमीन खचत गेली आणि नद्या तिथे गाळ भरत राहिल्या. काही ठिकाणी हा गाळ शेकडो मीटर जाड आहे. अकोला-अमरावतीचा खारपाणपट्टा याच गाळावर वसलेला. त्यामुळे खोऱ्याच्या मध्यभागी जुना काठ इतका खोल गाडलेला आहे की तो दिसायचा नाही. सातपुड्याच्या पायथ्याची गोटाड जमीन आणि नद्यांच्या दरडी, आपल्या हाताला लागेल तो पुरावा तिथेच.

आता धरणाकडे येऊ. काटेपूर्णा असो, वान असो की मोर्शीजवळचं ऊर्ध्व वर्धा, हे जुने तलाव नाहीत, माणसाने काल-परवा केलेले आहेत. इथल्या काठावर हत्यार मिळालं तर ते तळ्याकाठी राहणाऱ्याचं नाही. तिथे आधी नदीकाठ किंवा टेकडीचा उतार होता, त्यावरच्या माणसाचं. धरणाने फक्त ते उघडं केलं. दरवर्षी पाणी चढतं-उतरतं, वाऱ्याच्या लाटा काठ चाटत राहतात, बारीक माती वाहून आत जाते आणि जड गोटे जागेवर उरतात. तीन वेगवेगळ्या थरांतले दगड एकाच पातळीवर येऊन बसतात. म्हणून उन्हाळ्यात काठावर ते इतके दाट दिसतात. दिसायला खजिना, पण पिसलेले पत्ते.

मग ते बिनकामाचे का? अजिबात नाही. काठावर दगड दिसले म्हणजे जवळच्या दरडीत, लाट न पोहोचलेल्या उंचीवर, तोच थर अजून शाबूत असू शकतो. वरचे दगड म्हणजे पाटी. दुकान मागे आहे.

आणि हे दुकान बंद व्हायच्या मार्गावर आहे, हे मला स्पष्ट बोलायचं आहे. इस्रायलमध्ये जॉर्डन नदीकाठी गेशेर बेनोत याकोव नावाची जागा आहे. सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी तिथे हुला तळ्याचा काठ होता. नामा गोरेन-इनबार यांच्या उत्खननात तिथे आपल्यासारख्याच काळ्या पाषाणाच्या हातकुऱ्हाडी मिळाल्या. शिवाय लाकूड, फळांच्या बिया, कवचाची फळं फोडायचे खळगे पडलेले दगड. लाकूड एवढी वर्षं टिकलं, कारण ते कायम ओल्या चिखलात होतं. तीच जागा १९९९ मध्ये पाण्याचा निचरा सुधारायच्या कामात अवजड यंत्रांनी उकरली गेली आणि तिचा काही भाग कायमचा गेला. कोणी मुद्दाम केलं नाही. पात्र साफ करायचं होतं, बस.

आपल्याकडे दर उन्हाळ्यात नदी खोलीकरण होतं, नाले रुंद होतात, २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' चालू आहे. ही कामं नकोत असं म्हणायला मी वेडा नाही. ज्याच्या वावरात ओलीत नाही त्याला विचारा गाळाची किंमत. आणि धरणात साठलेला वरचा गाळ काढल्याने अश्मयुगाचं काही बिघडत नाही, तो गाळ धरणानंतरचाच आहे. बिघडतं ते पुढे. गाळ संपतो, पोकलेन चालूच राहतं, आणि बकेटमध्ये ती चुनखडीची पिवळी माती यायला लागते. रंग बदलला की थांबायचं, एवढं ऑपरेटरला सांगितलेलं असलं तरी पुष्कळ झालं. मुरमाच्या खाणींचंही तेच.

सरकारी खातं येऊन बघेल म्हणून वाट बघायची, हे मला फारसं पटत नाही. अमरावती-बैतूलच्या सीमेवर धारुळजवळची अंबादेवीची चित्रगुहा आणि तिच्या आसपासचे रंगवलेले शैलाश्रय २००७ मध्ये जगासमोर आले, ते अमरावतीच्या विजय इंगोले आणि त्यांच्या निसर्गात भटकणाऱ्या मित्रांमुळे. रंगवलेल्या भिंती, उघड्यावर, तरी २००७ उजाडावं लागलं. मग मातीतल्या दगडांचं काय घेऊन बसलात!

तर या उन्हाळ्यात कुठल्या काठावर गेलात आणि काही दिसलं, तर उचलू नका. तिथेच एक रुपयाचं नाणं शेजारी ठेवा आणि वरून फोटो काढा. मग उभे राहून आजूबाजूच्या दहा पावलांचा एक फोटो, आणि जवळ दरड असेल तर तिचा एक. मोबाइलचं लोकेशन चालू ठेवा. रील करायची असेल तर खुशाल करा, पण जागेचं नाव टाकू नका. पुढच्या रविवारी तिथे पिशव्या घेऊन लोक येतात. फोटो आणि लोकेशन राज्याच्या पुरातत्त्व विभागाच्या नागपूर कार्यालयाला किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजला पाठवता येतं. आणि निघण्याआधी एकदा खाली बसून बघा. त्याच रंगाच्या, त्याच दगडाच्या नखाएवढ्या बारीक कपच्या आसपास दिसतात का? दिसल्या, तर मोठ्या दगडाआधी त्यांचा फोटो काढा.